गाडी चालवताना व्हेप ओढला तर: कायदा काय म्हणतो आणि अपघातानंतर काय होतं

प्रश्न कराडच्या एका ताईंचा आहे. मुलगा सव्वीस वर्षांचा, हिंजवडीत नोकरीला. शुक्रवारी रात्री स्वतःच्या गाडीनं घरी येतो, सोमवारी पहाटे परत जातो. परवा त्या पुण्याहून त्याच्याच गाडीतून आल्या, तेव्हा तो वाटेत चार-पाच वेळा व्हेप, म्हणजे बॅटरीवर रस तापवून त्याची वाफ ओढायची ई-सिगारेट, ओढताना दिसला. टोकल्यावर म्हणाला, "आई, ही सिगारेट नाही. गाडी माझी आहे. आणि गाडीत ओढू नये असं कुठल्या कायद्यात लिहिलंय ते दाखव." थोरली मुलगी इंग्लंडात असते, तिनं फोनवरून भावाचीच बाजू घेतली, की इथं तर सगळे ओढतात. ताईंना दोन गोष्टी हव्या आहेत: याला दंड आहे का, आणि धोका खरा आहे की त्या उगाच जीव टांगणीला लावून बसल्यात.

ताई, मी पंचवीसएक वर्षं पुण्यात मोटार अपघाताचे दावे चालवते. कधी जखमीच्या बाजूनं, कधी गाडीमालकाच्या. तुमचा मुलगा निम्मा बरोबर आहे, आणि माझ्या धंद्यात पूर्ण चुकलेल्या माणसापेक्षा निम्म्या बरोबर माणसाला वाचवणं जड जातं.

आधी त्याची बरोबर बाजू. "व्हेप ओढत गाडी चालवणे" असा गुन्हा मोटार वाहन कायद्यात नाही. गंमत पाहा: या कायद्यातली मोठी दुरुस्ती १ सप्टेंबर २०१९ पासून लागू व्हायला लागली. त्यानंतर सतरा दिवसांनी, १८ सप्टेंबरला, केंद्र सरकारनं ई-सिगारेटवर बंदी घालणारा अध्यादेश काढला. त्याच महिन्यात, त्याच दिल्लीत दोन्ही गोष्टी झाल्या, पण दोघींची गाठ घालायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. त्यामुळे एका कायद्याला गाडी दिसते, दुसऱ्याला व्हेप दिसतो. दोन्ही एका जागी आले की काय, ते वकिलांच्या पोटापाण्यासाठी ठेवून दिलंय.

आता दुसरा कायदा. अध्यादेशाचा डिसेंबर २०१९ मध्ये कायदा झाला. ई-सिगारेट बनवणं, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वाटप, जाहिरात हे सगळं त्यात बंद आहे. त्यातल्या रसात नायकोटिन असो वा नसो, उपकरण पूर्ण असो वा त्याचा नुसता सुटा भाग असो. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठा करण्याला वेगळी शिक्षा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

या यादीत "ओढणे" हा शब्द नाही. तुमच्या मुलानं बहुतेक हेच कुठंतरी वाचलंय. पण "वाहतूक" हा शब्द त्यानं वाचला नसावा. गाडीच्या कपहोल्डरमध्ये ठेवलेला एक व्हेप पुण्याहून कराडला नेला, ही वाहतूक झाली का? मी बचावाला उभी राहिले तर म्हणेन की नाही, वाहतूक म्हणजे मालाची, धंद्यासाठीची. साठ्याच्या कलमातही "साठा" म्हटलंय, खिशातला एक नग म्हणजे साठा नव्हे. समोरचा सरकारी वकील केंद्रीय आरोग्य मंत्रालयाचा २०२३ मधला खुलासा काढून दाखवेल. त्यात कोणत्याही रूपात, कितीही प्रमाणात ही वस्तू बाळगणं म्हणजे कायद्याचा भंग असं म्हटलंय. मंत्रालयाच्या खुलाशानं कायद्यातला शब्द बदलत नाही, हे माझं उत्तर तयार आहे. पण ते उत्तर मी कोर्टात देणार, तारखा पडत पडत. रस्त्याच्या कडेला रात्री साडेअकराला, गाडीच्या टपावर हात ठेवून ते कुणी ऐकत नाही.

एक बारकावा सांगते, कारण लोक हवालदाराशी उगाच हुज्जत घालतात. या कायद्याखाली झडती आणि जप्ती करायची तर पोलीस अधिकारी निदान उपनिरीक्षक, म्हणजे फौजदार दर्जाचा हवा. हातात ई-चलानचं यंत्र घेतलेला वाहतूक हवालदार एकटा तुमची डिकी उघडून या कायद्याची कारवाई करू शकत नाही. पण तो फौजदारांना फोन करू शकतो, आणि ते येईपर्यंत तुम्ही तिथंच असता.

मोटार वाहन कायद्यात वेगळं कलम नसलं तरी १८४ कलम आहे, धोकादायक वाहन चालवण्याचं. २०१९ च्या दुरुस्तीनं त्यात सिग्नल तोडणं, उलट्या दिशेनं येणं, हातात फोन धरून बोलणं असे प्रकार नावानिशी घातले. शेवटी एक पोतडी ठेवली: सक्षम आणि काळजी घेणाऱ्या चालकाकडून जी अपेक्षा असते, तिच्या खूप खाली घसरलेलं, आणि धोका उघड दिसत असलेलं कोणतंही चालवणं. व्हेप फोन नाही, त्यामुळे फोनच्या खणात तो बसत नाही. (हल्ली काही व्हेपना फोनसारखा पडदा असतो, त्यावर चित्रं हलतात. तो खण मोठा करायची वेळ फार लांब नाही.) पण तोंडातून ढग, एक हात स्टिअरिंगवर आणि गाडी लेन सोडून भरकटलेली, असं दिसलं तर पोतडीत सहज बसतो. पहिल्या वेळी एक ते पाच हजार दंड, किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. कैदेऐवजी नुसता दंडही होऊ शकतो म्हणून लोक या कलमाला हलकं समजतात.

रिक्षा, टॅक्सी, एसटी या गाड्यांच्या चालकांना आणखी एक फास आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत प्रवासी वाहन चालवताना धूम्रपान करणं हे परवाना निलंबित करण्याचं कारण म्हणून लिहिलेलं आहे. व्हेप म्हणजे धूम्रपान का, यावर वाद घालता येईल, पण ज्याचं पोट परवान्यावर आहे त्यानं तो वाद स्वतःच्या परवान्यावर लढू नये. तंबाखूच्या २००३ च्या कायद्यातही सार्वजनिक वाहन हे सार्वजनिक ठिकाण धरलंय. खाजगी मोटार त्यात येत नाही, तिथं तुमचा मुलगा पुन्हा बरोबर.

एक गोष्ट मात्र त्याला एकट्यात विचारा. व्हेपमध्ये भरतो ते नक्की काय आहे? काही मुलं गांजा-चरसाचं तेल भरतात. तसं असेल तर वरचं सगळं विसरा. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात चरसाच्या व्याख्येतच हशीश तेल येतं, आणि त्या अमलाखाली गाडी चालवली तर मोटार वाहन कायद्याचं १८५ कलम, दारूवाल्यांचं, लागू होतं.

आता धोक्याचं.

तुम्ही शेजारच्या सीटवर होतात, म्हणून आठवून बघा. सिगारेट एकदा पेटवली की संपेपर्यंत बोटांत राहते, आणि संपते. व्हेप संपत नाही. दोन झुरके घेतले की ठेवायचा, दहा मिनिटांनी पुन्हा उचलायचा. कराडपर्यंतच्या तीन-साडेतीन तासांत तो हात किती वेळा खाली जातो ते मोजा. आणि दर वेळी तो जागेवर असतोच असं नाही. गुळगुळीत, लहान वस्तू. वळणावर सरकतो, सीट आणि हँडब्रेकच्या फटीत जातो. मग डोळे खाली. सापडला की तोंडाकडे नेताना उलटसुलट बघायचा, दिवा लागला का ते बघायचं, रस संपत आला असेल तर करपलेला घोट येतो आणि ठसका लागतो.

ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२ मीटर. दोन सेकंद नजर खाली गेली तर गाडी ४४ मीटर न बघता पुढे गेली, साधारण एसटीच्या चार बस एकामागे एक उभ्या केल्या तर होईल तेवढं. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या एका विद्यापीठ संस्थेनं शंभर गाड्यांत कॅमेरे बसवून वर्षभर चालकांना पाहिलं होतं. त्यांचा २००६ चा निष्कर्ष असा की रस्त्यावरून नजर दोन सेकंदांपेक्षा जास्त हटली की अपघाताची किंवा थोडक्यात चुकण्याची शक्यता किमान दुप्पट होते. आणि तुमच्या वाटेत खंबाटकीचा घाट आहे. सोमवारी पहाटे पुण्याकडे येताना बोगद्यानंतर उतारावर जे नागमोडी वळण लागतं, तिथं दोन सेकंद कुणाकडेच शिल्लक नसतात.

ढगाची भीती लोक जास्त बोलून दाखवतात, मला तिच्यापेक्षा काचेची जास्त आहे. ढग काही क्षणांत विरतो, पण विरतो म्हणजे जातो कुठं? व्हेपच्या रसात मुख्यतः प्रोपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन असतं. काचा बंद, एसी आतल्या आत फिरवलेला, तोंड पुढे. ते बारीक थेंब पुढच्या काचेला आतून चिकटतात. दिवसा काही दिसत नाही. रात्री समोरून ट्रकचा हेडलाइट आला की अख्खी काच दुधाळ होते, आणि वायपर बाहेरून फिरत असतो, त्याचा आत काही उपयोग नाही. शनिवारी सकाळी मुलाच्या गाडीत बसा आणि काचेवर आतून बोट ओढून बघा. स्वच्छ रेघ उमटली आणि बोटाला तेलकट, गोडसर वास आला, तर पुरावा तुमच्या हातात आहे.

नायकोटिनचंही आहे. युरोपात आणि ब्रिटनमध्ये रसातलं नायकोटिन मिलिलिटरला २० मिलिग्रॅमच्या वर नेता येत नाही. आपल्याकडे सगळाच माल चोरटा, त्यामुळे मर्यादा घालणारं कुणी नाही. पाच टक्के, म्हणजे ५० मिलिग्रॅम, असं लिहिलेल्या नळ्या मी पाहिल्यात, आणि जे लिहिलंय तेच आत आहे याची हमी कोण देणार? जास्त गेलं की गरगरतं, मळमळतं, हातापायाला घाम येतो. घरी कॉटवर बसून हे झालं तर पाणी पिऊन भागतं.

बॅटरीबद्दल फार घाबरवत नाही. पण लिथियमची बॅटरी आणि मे महिन्यात उन्हात उभी केलेली गाडी ही जोडी बरी नाही. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनानं २००९ ते २०१६ या काळातल्या ई-सिगारेटच्या आगी आणि स्फोटांच्या १९५ घटना गोळा केल्या होत्या. त्यांतल्या ६१ वेळा वस्तू खिशात होती आणि ६० वेळा वापरात. एवढ्या मोठ्या देशात हा आकडा लहानच. पण चालत्या गाडीत मांडीवर ठिणगी पडलेल्या माणसाचा पाय ब्रेकवर जाईल की नाही, हे त्याला स्वतःलाही सांगता येणार नाही.

आता जे मला खरं सांगायचंय ते. वस्तूच बंदीची असल्यामुळे अपघातानंतर माणसाला खरं बोलता येत नाही.

माझा एक अशील होता. ओळख पटू नये म्हणून जागा आणि तपशील बदलते. रात्रीची वेळ, हायवेच्या कडेला बंद पडलेला ट्रक, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, दगड की फांदी ठेवलेली नाही. माझा अशील मागून जाऊन धडकला, गुडघ्याचा चुरा. तो अर्जदार, आम्ही ट्रकमालकावर आणि त्याच्या विमा कंपनीवर दावा लावला. असे दावे मी डोळे मिटून चालवते. घटनास्थळाच्या पंचनाम्यात काचा, रक्त, चपला, पाण्याची बाटली या यादीत एक ओळ होती: "निळ्या रंगाची पेनासारखी एक वस्तू, आंब्यासारखा वास येत असलेली." पंच गावातले दोन शेतकरी. त्यांनी जे दिसलं आणि ज्याचा वास आला ते लिहून दिलं. मी ती ओळ वाचली आणि पुढे गेले. अशिलाला विचारलं नाही. ती माझी चूक.

उलटतपासणीत विमा कंपनीच्या वकिलांनी पोलिसांनी काढलेला फोटो मोठा करून पुढे ठेवला. "ही वस्तू कशाची?" माझा अशील म्हणाला, "पेनड्राइव्ह." कोर्टात कुणी हसलं नाही, आणि ते जास्त वाईट. पुढचा प्रश्न: "तुमच्या पेनड्राइव्हला आंब्याचा वास येतो का?"

तो खोटं का बोलला? दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, "मॅडम, ती बंदीची वस्तू ना, मला वाटलं इथूनच आत घेतील." साक्षीदाराला कोर्टानं उत्तर द्यायला भाग पाडलं तर त्या उत्तरावरून त्याच्यावर खटला भरता येत नाही, असं संरक्षण पुराव्याच्या कायद्यात आहे. पण ते त्याला मी आधी सांगायला हवं होतं.

खरं बोलला असता तर आमच्याकडे चांगला बचाव होता. सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये एका मोटारसायकलच्या प्रकरणात म्हटलंय की तिघं बसले होते एवढ्यावरून भरपाई कापता येत नाही. त्या चुकीमुळेच अपघात झाला किंवा इजा वाढली हे दाखवावं लागतं. तोच न्याय इथं लावता आला असता: व्हेप गाडीत होता, पण त्या क्षणी तो हातात होता याचा पुरावा काय? अंधारात बिनदिव्याचा ट्रक तर कुणालाच दिसला नसता. पण एका गोष्टीत खोटा ठरलेला माणूस मग "मी साठच्या वेगात होतो", "माझे हेडलाइट चालू होते" असं म्हणाला, तेही कुणी धरलं नाही. भरपाईतून चाळीस टक्के कापले. व्हेपनं दहा टक्के कापले असते, पेनड्राइव्हनं चाळीस कापले, असं मी अजून म्हणते.

उलट बाजूही समजून घ्या. तुमच्या मुलाच्या गाडीनं दुसऱ्या कुणाला इजा झाली तर भारतीय न्याय संहितेची कलमं लागतात. १ जुलै २०२४ पासून निष्काळजीपणानं मृत्यूची शिक्षा दोन वर्षांवरून पाच वर्षांपर्यंत गेली आहे. जखमीची भरपाई विमा कंपनीला द्यावी लागते. नायकोटिनचा व्हेप हे ती नाकारण्याचं कारण नाही. गांजाचं तेल असेल तर मात्र कंपनीला अमली पदार्थांचा मुद्दा कायद्यानंच दिलाय, आणि ते पैसे शेवटी तुमच्या घरातून वसूल होऊ शकतात.

इंग्लंडच्या लेकीचं म्हणणं. तिथंही व्हेप ओढत गाडी चालवायला थेट बंदी नाही, आणि पुन्हा वापरता येणारे व्हेप विकणं कायदेशीर आहे. १८ वर्षांखालचं मूल गाडीत असताना सिगारेट ओढायला १ ऑक्टोबर २०१५ पासून बंदी आहे, पण त्या नियमातून ई-सिगारेट वगळलेली आहे. तरी ढगामुळे किंवा एका हातानं चालवल्यामुळे गाडीवरचा ताबा सुटलेला दिसला, तर पोलीस बेफिकीर चालवण्याखाली जागेवर १०० पौंड आणि परवान्यावर तीन गुण लावू शकतात, आणि त्या गुणांमुळे पुढच्या वर्षी विम्याचा हप्ता वाढतो. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्ये १६ वर्षांखालचं मूल गाडीत असेल तर व्हेपही चालत नाही. सिंगापूरला तर २०१८ पासून ओढणं आणि बाळगणं दोन्ही गुन्हा आहे, त्यामुळे तिकडे फिरायला जाताना त्याची बॅग तुम्हीच भरा. लेकीला एवढंच सांगा, की तिच्या भावानं लंडनच्या गाडीतला व्हेप खंबाटकीत ओढू नये. तिथं ती दुकानातून घेतलेली वस्तू आहे, इथं मुद्देमाल आहे.

मुलाला काय सांगायचं? कलमं सांगू नका, तो तुमच्यापेक्षा जास्त शोधून आणेल. गाडीत ती वस्तू नकोच, एवढं एकच मागा. तलफ येते हे खरं आहे, नायकोटिन दोनेक तासांत रक्तात निम्म्यावर येतं आणि मग हात शोधायला लागतो. शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसमधून थकून थेट निघण्यापेक्षा जेवून निघायचं आणि वाटेत शिरवळला एकदा उतरून चहा घ्यायचा. दोन मिलिग्रॅमचं नायकोटिनचं च्युइंगम औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतं, त्याला हात लागत नाही आणि काच धुरकटत नाही. सोडायचंच असेल तर राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६, पैसे लागत नाहीत.

आणि देव न करो, पण उद्या कुठं ठोकलं तर पहिला फोन जखमीसाठी १०८ ला, दुसरा तुम्हाला, तिसरा वकिलाला. त्या वकिलानं "गाडीत आणखी काय होतं?" असं विचारलं, तर त्याला खरं सांगायचं. मी आता प्रत्येकाला विचारते.